उसळत्या चेंडूपासून सुरुवात: डिजिटल ॲनिमेशन आणि मल्टिमीडिया शिकताना

डिजिटल ॲनिमेशन शिकायला लागले तेव्हा पहिले सहा आठवडे मी सॉफ्टवेअरच्या मेनूंमध्ये घालवले. कीफ्रेम (म्हणजे ठरावीक क्षणी वस्तू कुठे असावी याची नोंद) कोणत्या कळीने लागते, रंग कोणत्या पॅनेलमधून बदलतो, लेअर कसा लपवायचा, हे सगळे तोंडपाठ झाले होते. तरीही मी हलवलेली प्रत्येक वस्तू काचेवरून घसरल्यासारखी सरकत असे आणि तिला वजन म्हणून नसे. आणखी चार मेनू शिकून हा दोष जाणार नव्हता. वस्तू इथून तिथे जायला किती वेळ घेते आणि त्या वेळात एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत किती अंतर कापते, या दोन गोष्टींकडे मी पाहतच नव्हते. पहिलीला टायमिंग म्हणतात आणि दुसरीला स्पेसिंग. ॲनिमेशनमधला जिवंतपणा बव्हंशी या दोहोंत असतो, असे आता माझे ठाम मत झाले आहे. त्यामुळे मी ज्या क्रमाने शिकले त्या क्रमाने नव्हे, तर ज्या क्रमाने शिकायला हवे होते त्या क्रमाने पुढचे लिहीत आहे.

साधनांची निवड

यावर फार वेळ घालवू नये. एकच सॉफ्टवेअर निवडावे आणि निदान तीन महिने ते बदलू नये. क्रिटा, पेन्सिल टूडी, ओपनटून्झ आणि ब्लेंडर ही चारही सॉफ्टवेअर विनामूल्य व मुक्तस्रोत आहेत. ब्लेंडर मुख्यतः त्रिमितीय कामासाठी ओळखले जात असले, तरी त्यातील ग्रीस पेन्सिल या साधनाने हाताने चित्रे काढून द्विमितीय ॲनिमेशनही करता येते. वापरणाऱ्यांनी आणि चाहत्यांनी १,००,००० युरो उभे केल्यावर ऑक्टोबर २००२ मध्ये या सॉफ्टवेअरचा स्रोत खुला झाला, आणि त्या वर्गणीचा लाभ आजही प्रत्येक नवशिक्याला मिळतो आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

जुने पाठ पाहताना फ्लॅशचा उल्लेख वारंवार येतो. त्या सॉफ्टवेअरचे नाव २०१६ मध्ये ॲडोबी ॲनिमेट झाले, आणि ब्राउझरमधील फ्लॅश प्लेअरला मिळणारा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. अशा पाठांतील हालचालींविषयीचा भाग आजही तितकाच उपयोगी आहे. फाइल प्रसिद्ध करण्याविषयीचा भाग मात्र सोडून द्यावा. पेनचा दाब ओळखणारा टॅबलेट असेल तर रेषा सुधारते, पण पहिल्या महिन्याच्या सरावाला तो लागत नाही, कारण त्या महिन्यात एक वर्तुळ आणि एक आडवी रेषा एवढेच काढायचे आहे.

फ्रेम म्हणजे काय, हे हाताने मोजून पाहावे

चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रे, असतात. मूकपटांच्या काळात हा वेग कमीअधिक होत असे. ध्वनी आल्यावर फितीचा वेग स्थिर ठेवणे भाग पडले आणि २४ हा आकडा रूढ झाला. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. याला ‘ऑन टूज’ म्हणतात, आणि प्रत्येक फ्रेमला नवे चित्र असेल तर ‘ऑन वन्स’. नवशिक्याने ऑन टूज शिकावे. श्रम निम्मे होतात हा त्याचा एक लाभ झाला. त्याहून मोठा लाभ असा की प्रत्येक चित्राचा वेगळा विचार करायची सवय लागते.

एकामागून एक दिसलेली दोन स्थिर चित्रे आपले मन एका हालचालीत जोडते, आणि या आभासी गतीवर मॅक्स वर्थायमर यांनी १९१२ मध्ये महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपल्या कामापुरती त्यातील गोष्ट एवढीच की ही जोडणी अंतर बेताचे असेल तोवरच होते. दोन चित्रांमधले अंतर फार वाढले की डोळ्याला एक धावणारी वस्तू न दिसता दोन ठिकाणी चमकणाऱ्या दोन वस्तू दिसतात. चेंडूच्या सरावात हा प्रश्न लगेच समोर येतो.

चेंडू

१९२० × १०८० पिक्सेलची चौकट घ्यावी. खाली जमिनीची आडवी रेषा काढावी, १२० पिक्सेल व्यासाचे वर्तुळ काढावे आणि ते जमिनीपासून ७२० पिक्सेल उंच ठेवावे. हा चेंडू १२ फ्रेममध्ये, म्हणजे अर्ध्या सेकंदात, खाली यायला हवा. हे आकडे हिशेब करून ठरवले आहेत. सोडून दिलेली वस्तू अर्ध्या सेकंदात सुमारे १.२ मीटर पडते; तेव्हा ७२० पिक्सेल म्हणजे १.२ मीटर धरले तर १२० पिक्सेल म्हणजे २० सेंटिमीटर होतात, आणि फुटबॉल साधारण एवढाच असतो. वस्तू पडद्यावर किती मोठी आहे ते मनात पक्के असले की ती किती वेळात पडावी याचे उत्तर अंदाजाने शोधावे लागत नाही.

वर एक कीफ्रेम आणि खाली एक कीफ्रेम लावून मधले सगळे सॉफ्टवेअरवर सोपवणे ही जवळपास प्रत्येकाची पहिली चाल असते, आणि माझीही तीच होती. सॉफ्टवेअर रेषीय पद्धतीवर असेल तर ते ७२० पिक्सेलचे १२ सारखे भाग करते आणि चेंडू प्रत्येक फ्रेमला ६० पिक्सेल खाली सरकवते. तो चेंडू पडल्यासारखा दिसत नाही. दोरीला बांधून खाली सोडल्यासारखा दिसतो. पडणाऱ्या वस्तूचा वेग सतत वाढत असतो, आणि सारख्या कालखंडांत ती कापते ती अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात, हे गॅलिलिओने मांडून ठेवले आहे. ॲनिमेशन करणाऱ्याला हा नियम आयता उपयोगी पडतो. आपल्या चेंडूसाठी दर दोन फ्रेमना कापायचे अंतर २०, ६०, १००, १४०, १८० आणि २२० पिक्सेल असे येते, आणि त्यांची बेरीज बरोबर ७२० होते. सुरुवातीच्या चित्राला शून्य म्हणून पुढे फ्रेम मोजल्या, तर त्या आकड्याच्या वर्गाला ५ ने गुणले की वरून मोजलेले अंतर मिळते: दुसऱ्या फ्रेमला २०, सहाव्या फ्रेमला १८०, दहाव्या फ्रेमला ५००, बाराव्या फ्रेमला ७२०.

ही सात चित्रे ओनियन स्किन चालू करून, म्हणजे मागची-पुढची चित्रे पुसट दिसतील अशी सोय करून, एकदा नीट पाहावीत. वर वर्तुळे एकमेकांवर दाटलेली असतात आणि खाली उतरताना ती सुटी होत जातात. शेवटचे अंतर २२० पिक्सेल आहे आणि चेंडू स्वतः १२० पिक्सेलचा आहे, म्हणजे शेवटची दोन वर्तुळे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. डोळ्याला जोडणी अवघड जाते ती याच जागी. त्यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करून पाहावेत. शेवटच्या चार फ्रेमपुरते ऑन वन्स करावे, म्हणजे नवव्या फ्रेमला ४०५ आणि अकराव्या फ्रेमला ६०५ पिक्सेलवर एकेक चित्र भरावे. किंवा जमिनीला टेकण्याआधीच्या चित्रात चेंडू गतीच्या दिशेने थोडा लांबवावा. दुसऱ्या उपायाला स्ट्रेच म्हणतात. मी अनेक महिने त्याला व्यंगचित्रातली गंमत समजत होते. दोन चित्रांमधली फट बुजवणे हे त्याचे खरे काम असते, हे या सरावानंतर उमगले.

चेंडू जमिनीला टेकला की एका चित्रापुरता चपटा होतो, तो स्क्वॉश. इथे एकच पथ्य पाळावे: आकार बदलला तरी आकारमान बदलू नये. १२० पिक्सेल उंचीचा चेंडू ९० पिक्सेलपर्यंत दाबला, तर त्याची रुंदी १६० पिक्सेल झाली पाहिजे, कारण १२० गुणिले १२० आणि ९० गुणिले १६० या दोहोंचे उत्तर १४,४०० येते. नुसती उंची कमी केली तर चेंडूतली हवा निघून गेल्यासारखे दिसते.

आता उसळी. चेंडू आधीच्या उंचीच्या ६४ टक्के उसळतो असे धरू, म्हणजे वेळाचे प्रमाण ८० टक्के होईल, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ७२० पिक्सेलनंतर चेंडू साधारण ४६० पर्यंत जाईल, मग २९५ पर्यंत, मग १९० पर्यंत. आणि या उंचींवरून खाली यायला त्याला अनुक्रमे १०, ८ आणि ६ फ्रेम लागतील. वर जायलाही तेवढ्याच. १२, १०, ८, ६ ही उतरती मालिका लक्षात ठेवायला सोपी आहे. लोखंडी गोळा दाखवायचा असेल तर तो १६ टक्केच उसळेल असे धरावे: ११५ पिक्सेलची उंची, ५ फ्रेम, स्क्वॉश अजिबात नाही. वर्तुळ तेच आणि रंगही तोच ठेवून केवळ या आकड्यांच्या बळावर पाहणाऱ्याला धातूचे वजन जाणवते, आणि ज्या दिवशी माझ्या पडद्यावर हे घडले त्या दिवशी मी तो दोन सेकंदांचा तुकडा कितीतरी वेळा चालवून पाहिला.

तपासणी अशी करावी. तुकडा कोणालातरी दाखवावा आणि ‘कसा झाला आहे’ असे न विचारता ‘हा कशाचा चेंडू आहे’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला लोक चांगलेच बोलतात आणि आपल्याला त्यातून काही मिळत नाही. दुसऱ्या प्रश्नाला ‘फुग्याचा’ असे उत्तर आले, तर वरच्या टोकाला चित्रे गरजेपेक्षा जास्त झाली आहेत किंवा एकूण फ्रेम जास्त झाल्या आहेत, हे ताबडतोब कळते. माझ्या सातव्या प्रयत्नाला ‘रबराचा’ हे उत्तर मिळाले आणि त्यानंतरच मी पुढच्या सरावाची फाइल उघडली.

आलेख वाचायला शिकावे

हे आकडे हाताने भरल्यावरच ग्राफ एडिटर उघडावा, म्हणजे तिथल्या वक्ररेषा परक्या वाटत नाहीत. आडव्या अक्षावर वेळ असतो, उभ्या अक्षावर वस्तूची जागा. रेषा जितकी उभी, तितका वेग जास्त. उसळत्या चेंडूचा आलेख वर गोल असतो आणि जमिनीच्या जागी टोकदार असतो. बरीच सॉफ्टवेअर प्रत्येक कीफ्रेमला आपणहून गोलाई देतात. त्यामुळे जमिनीजवळ चेंडूचा वेग मंदावतो आणि तो गादीवर अलगद टेकल्यासारखा दिसतो. अशा वेळी जमिनीवरच्या कीफ्रेमची दोन्ही हँडल (वक्ररेषेला वळण देणारे दांडे) सुटी करून तिथे टोक करावे लागते.

ईझ-इन आणि ईझ-आऊट या शब्दांनी माझा बराच काळ गोंधळ केला, आणि त्याचे कारण पुढे कळले. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ईझी ईझ इन’ म्हणजे वस्तू कीफ्रेमकडे येताना मंदावते. वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत मात्र ‘ईझ-इन’ म्हणजे हालचाल सुरू होताना मंद असते. एकाच शब्दाचे दोन उलट अर्थ दोन ठिकाणी चालतात. म्हणून वहीत मी हे शब्द लिहिणेच सोडले आणि ‘निघताना मंद’, ‘पोहोचताना मंद’ असे लिहू लागले. वर्गात समजावून सांगतानाही हेच शब्द सोपे पडतात.

डिस्नेमधील फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये ॲनिमेशनची १२ तत्त्वे पुस्तकरूपाने मांडली, आणि बहुतेक अभ्यासक्रम त्यांच्यापासूनच सुरू होतात. बाराही तत्त्वे एका आठवड्यात पाठ करण्याला माझा विरोध आहे. स्क्वॉश-स्ट्रेच, टायमिंग, निघताना-पोहोचताना मंद होणे आणि वक्र मार्ग ही चार तत्त्वे एकट्या चेंडूत येतात. उडी मारण्याआधी गुडघे वाकवण्यासारखी पूर्वतयारी आणि अंग थांबल्यावरही केस किंवा शेपटी हलत राहणे, ही आणखी दोन तत्त्वे चेंडूला शेपटी जोडून शिकता येतात. बाकीची पात्र हातात आल्यावर आपोआप समोर येतात.

चाल

माणसाच्या सामान्य चालीत एक पाऊल १२ फ्रेमचे धरतात, म्हणजे दोन पावलांचे आवर्तन २४ फ्रेमचे होते. पहिल्या फ्रेमला पुढची टाच जमिनीला टेकलेली असते. चौथ्या फ्रेमला शरीराचा भार त्या पायावर येतो आणि डोके सर्वांत खाली असते. सातव्या फ्रेमला मागचा पाय उभ्या पायाच्या शेजारून जातो. दहाव्या फ्रेमला शरीर सर्वांत वर असते, आणि तेराव्या फ्रेमला दुसरी टाच टेकते. चार स्थिती नीट काढल्या की उरलेले अर्धे आवर्तन डाव्या-उजव्या पायांची अदलाबदल करून मिळते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली आवर्तनाच्या सांध्याची. २५वी फ्रेम ही पहिल्या फ्रेमसारखीच असते, कारण तिथून आवर्तन पुन्हा सुरू होते. पण ती रेंडरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर तयार करून देते त्या अंतिम चित्रांत, ठेवली तर एकच चित्र दोनदा दिसते आणि पात्र प्रत्येक आवर्तनात क्षणभर अडखळते. टाइमलाइनवर २५वी फ्रेम जरूर असावी, म्हणजे २४वीचे चित्र योग्य जागी येते. रेंडर मात्र २४ वर थांबवावा. मी हा अडखळा पायाच्या चित्रात शोधत एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

दुसरी चूक पाय घसरण्याची. पात्र जागच्या जागी चालते आणि मागचे दृश्य सरकते अशा मांडणीत, जमिनीवर टेकलेला पाय प्रत्येक फ्रेमला सारखेच अंतर मागे गेला पाहिजे. जमीन एका वेगाने सरकत असते, त्यामुळे टेकलेल्या पायाला कसलाही ईझ देऊ नये. पाऊल २४० पिक्सेलचे आणि १२ फ्रेमचे असेल, तर पायही फ्रेममागे २० पिक्सेल सरकेल आणि जमीनही २० पिक्सेल. हा एक भागाकार केला की पात्र बर्फावरून घसरत चालल्यासारखे दिसणे थांबते.

बोलणारे ओठ आणि आपली वर्णमाला

लिप सिंकचे, म्हणजे आवाजाशी ओठ जुळवण्याचे, तयार तक्ते बहुधा इंग्रजी उच्चारांवर बेतलेले असतात, आणि मराठी संवादासाठी ते समोर ठेवले की पंचाईत होते. मला यातून वाट सापडली ती शाळेत शिकलेल्या वर्णमालेत. आपली व्यंजने उच्चारस्थानांप्रमाणेच मांडलेली आहेत: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काय दिसते, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा. क-वर्ग घशाशी उच्चारला जातो, म्हणून त्याला वेगळा ओठांचा आकार लागतच नाही. शेजारच्या स्वराचा आकार पुरतो. ट-वर्ग आणि त-वर्गात तोंड किंचित उघडे ठेवून जीभ वर नेलेली दाखवावी. प, ब, भ, म यांना ओठ पूर्ण मिटावे लागतात, आणि त्यांच्यात तडजोड चालत नाही. ‘फळ’ म्हणतानाही ओठ मिटतात, पण ‘फोन’ किंवा ‘फ्रेम’ म्हणताना अनेक जण खालचा ओठ वरच्या दातांना टेकवतात. तेव्हा आवाज कोणाचा आहे ते ऐकून ठरवावे. स्वरांत आ साठी तोंड मोठे उघडे, इ, ई, ए साठी ओठ ताणलेले, आणि उ, ऊ, ओ साठी ओठांचा चंबू. एवढ्या सात-आठ आकारांत मराठी संवाद सहज बसतो.

‘मला पाणी पाहिजे’ हे वाक्य घेऊ. ध्वनिमुद्रण केल्यावर ते साधारण ३० फ्रेमचे भरले. यात ओठ मिटण्याच्या जागा तीनच आहेत: म, पा आणि पुन्हा पा. आधी या तीन जागा ध्वनीच्या आलेखावर शोधून तिथे मिटलेले ओठ ठेवावेत, प्रत्येकी निदान दोन फ्रेम, आणि तेही ध्वनीच्या एक-दोन फ्रेम आधी, कारण आवाज फुटण्यापूर्वीच ओठ मिटलेले असतात. मग तीन आ भरावेत. ‘णी’, ‘हि’ आणि ‘जे’ यांना ताणलेले ओठ द्यावेत, आणि थांबून वाक्य चालवून पाहावे. प्रत्येक अक्षराला वेगळा आकार देण्याचा मोह आवरावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात ३० फ्रेममध्ये १४ आकार होते आणि पात्र गोळी चघळत बोलल्यासारखे वाटत होते. सहा आकार काढून टाकल्यावर तेच वाक्य स्वच्छ ऐकू येऊ लागले. आवाज तोच असून डोळ्यांनी कानांना मदत केली, असे मी म्हणेन.

ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेऊन, मुद्रित करावा, कारण व्हिडिओच्या कामात तो रूढ आहे. शिवाय २४ च्या वेगात एका फ्रेमला बरोबर २,००० नमुने येतात आणि हिशेब पूर्णांकात राहतो. फ्रेमचा वेग मात्र सगळीकडे एकच आहे ना, हे प्रत्येक टप्प्यावर तपासावे. चित्रांच्या मालिकेत वेगाची नोंद नसते. २० सेकंदांच्या संवादाची ४८० चित्रे मी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली, ते ३० फ्रेमवर लावलेले होते, आणि तुकडा १६ सेकंदांत संपला. ओठ पुढे आणि आवाज मागे. चूक लिप सिंकची नव्हती. एका सेटिंगची होती.

पडद्यावरची देवनागरी

मल्टिमीडियामध्ये अक्षरे येतातच, आणि इंग्रजी अक्षरांसाठी केलेले परिणाम देवनागरीवर जसेच्या तसे लावता येत नाहीत. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते. एकेक अक्षर उडवत आणणारा परिणाम लावला की वेलांटी एकीकडे आणि व्यंजन दुसरीकडे जाते. जोडाक्षरे सुटी होऊन त्यांचे पाय मोडलेले दिसत असतील, तर सॉफ्टवेअरच्या मजकूर-सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय आहे का ते आधी पाहावे, आणि फॉण्ट युनिकोडच असावा. हालचाल एकेका शब्दाला द्यावी, एकेका अक्षराला नको. मला सर्वांत देखणी वाटते ती मांडणी अशी: शिरोरेखा डावीकडून उजवीकडे मास्कने (चित्राचा भाग झाकणाऱ्या आवरणाने) उलगडत न्यावी आणि तिच्यामागे सहा-आठ फ्रेमच्या अंतराने अक्षरे खाली उतरू द्यावीत. ही गोष्ट शिरोरेखा असलेल्या लिपीतच शक्य आहे आणि तिचा उपयोग आपण फार कमी करतो.

रेंडर आणि फाइली

१९२० × १०८० च्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर एक फ्रेम ६२,२०,८०० बाइटची होते, एक सेकंद सुमारे १४९ मेगाबाइटचा आणि एक मिनिट जवळपास ९ गिगाबाइटचे. कॉम्प्रेशनशिवाय काम का चालत नाही, ते या हिशेबावरून कळते. एमपी४ ही डबी आहे आणि एच.२६४ ही त्या डबीतला माल आवळून भरण्याची रीत, म्हणजे कोडेक. दोन एमपी४ फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, तेव्हा बहुधा कोडेक वेगळा असतो. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर पीएनजी वापरावे, कारण जेपीईजीमध्ये पारदर्शकता नसते. जीआयएफमध्ये एका चित्राला २५६ रंगांचीच मर्यादा आहे, त्यामुळे आभाळासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगांत पट्टे दिसतात.

रेंडर थेट एमपी४ मध्ये काढू नये. आधी पीएनजी चित्रांची मालिका काढावी आणि मग तिचा व्हिडिओ करावा. माझी ३०० फ्रेमची एक फाइल फ्रेममागे ४० सेकंद घेत होती, म्हणजे एकूण ३ तास २० मिनिटे. २६० फ्रेम झाल्यावर वीज गेली आणि अर्धवट एमपी४ उघडलीच नाही. चित्रांची मालिका असती तर २६१व्या फ्रेमपासून पुढे चालू करता आले असते आणि अर्ध्या तासाच्या आत काम संपले असते. मालिकेचा आणखी एक फायदा असा की एका फ्रेममध्ये चूक सापडली तर तेवढीच पुन्हा काढता येते.

रोजचे काम नव्या क्रमांकाने सेव्ह करावे: चेंडू_०१, चेंडू_०२, असे. ‘अंतिम’ हा शब्द फाइलच्या नावात वापरू नये, कारण त्यानंतरही बदल होतातच आणि मग कोणती अंतिम खरी हे कळत नाही. प्रकल्प पूर्ण झाल्यावर मूळ फाइल, वापरलेले फॉण्ट, न आवळलेला ध्वनी आणि तयार व्हिडिओ एका फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या तीन प्रती कराव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी. जुन्या चेंडूच्या फाइलीही टाकून देऊ नयेत. नवे पात्र हातात घेताना मी अजूनही चेंडू_०७ उघडते, त्याच्या १२, १०, ८, ६ फ्रेम समोर ठेवते आणि पात्राच्या उडीच्या पहिल्या कीफ्रेम त्यावरून लावते.